परवान्यावरचे बारा गुण

किराणा दुकानात उधारीची वही असते. आज पाव किलो साखर, उद्या काडेपेटी, परवा गोडेतेल. प्रत्येक वेळी रक्कम लहान. नेणाऱ्याला वाटते, एवढ्याने काय होणार आहे? पण दुकानदार दर वेळी लिहून ठेवतो. सणाच्या तोंडावर बेरीज होते, आणि मग घरधनी डोक्याला हात लावतो.

विलायतेत, म्हणजे ब्रिटन देशात, मोटार चालवणाऱ्यांची अशीच एक वही सरकार ठेवते. या वहीत पैसे लिहीत नाहीत. चुका लिहितात. ड्रायव्हरने ठरलेल्या वेगापेक्षा जोरात गाडी हाकली की त्याच्या नावावर आकडा चढतो. आकड्यांची बेरीज बारा झाली की त्याच्यावर गाडी चालवायची बंदी येते.

आपल्याकडची पुष्कळ मुले आता तिकडे शिकायला आणि नोकरीला जातात. तिथे गाडी चालवतात. त्यांना हा कायदा लागू होतो. आणि जो इथेच टेम्पो, जीप किंवा ट्रक चालवून पोट भरतो, त्यालाही यातून शिकण्यासारखे आहे. म्हणून ही वही कशी चालते ते नीट पाहू.

गुण म्हणजे काय?

शाळेत मुलाला जास्त गुण मिळाले तर आपण पेढे वाटतो. इथले गुण उलटे आहेत. हे दंडाचे गुण. तिकडे त्यांना पॉइंट म्हणतात. जितके कमी तितके बरे. एकही नसला तर सर्वांत बरे.

कोणत्या गुन्ह्याला किती गुण, हे कायद्याने ठरवले आहे. वेगाची मर्यादा मोडली तर तीन ते सहा गुण. लाल दिवा असताना गाडी पुढे काढली तर तीन. गाडी चालवताना मोबाईल हातात धरला तर सहा. हे सगळे गुण एकाच खात्यावर चढतात. तीन वेगाचे आणि सहा मोबाईलचे मिळून नऊ होतात. ड्रायव्हरांच्या नोंदी ठेवणारी मोठी कचेरी वेल्समधल्या स्वॉन्सी गावी आहे. खाते तिथे असते.

वेगाबद्दल दंड करण्याची चाल तिकडे फार जुनी. १८९६ साली इंग्लंडमधल्या केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या माणसाला दंड झाला. त्याची गाडी ताशी ८ मैलांनी, म्हणजे सुमारे १३ किलोमीटरच्या वेगाने जात होती. तेव्हा गावात मर्यादा होती ताशी २ मैल! पोलिसाने सायकलवरून पाठलाग करून त्याला धरला. दंड झाला एक शिलिंग. त्याबद्दल तो जगातला पहिला मानला जातो. गुणांची आजची पद्धत मात्र १९८२ सालापासून आली.

आजचा ड्रायव्हर सायकलवाल्या पोलिसाच्या हाती सापडत नाही. तो कॅमेऱ्यात सापडतो.

पत्र घरी येते

रस्त्याच्या कडेला खांबावर कॅमेरा असतो. गाडी मर्यादेपेक्षा जोरात गेली की तिचा आणि तिच्या नंबराचा फोटो निघतो. ड्रायव्हरला वाटते, कोणी अडवले नाही, शिटी वाजली नाही, म्हणजे सुटलो! पण तसे नसते. नंबरावरून मालक सापडतो. इंग्लंडात असे पत्र मालकाकडे सामान्यपणे १४ दिवसांच्या आत पोचावे लागते.

पत्रात विचारलेले असते, त्या वेळी गाडी कोण चालवत होते? याचे उत्तर २८ दिवसांत द्यायचे. पुष्कळ जण घाबरून पत्र फळीवर टाकून देतात. ही मोठी चूक. उत्तर दिले नाही तर तोच वेगळा गुन्हा होतो. त्याला सहा गुण, आणि वर १,००० पौंडांपर्यंत दंड. वेगाचे तीन गुण टाळायला गेला, आणि सहा घेऊन आला. असे होते.

आता पत्र आले. वेग थोडाच जास्त होता. तर पहिल्या खेपेला पोलिस बहुधा एक सवलत देतात. ड्रायव्हरने काही तासांच्या वर्गाला बसायचे. वेगाने काय अनर्थ होतो ते तिथे समजावून सांगतात. वर्गाची फी ज्याची त्याने भरायची. वर्ग पुरा केला की गुण नाहीत. पण एकदा वर्ग केला की पुढची तीन वर्षे ही सवलत पुन्हा मिळत नाही.

वर्ग मिळाला नाही तर काय? तर कमीत कमी १०० पौंड दंड आणि तीन गुण. शंभर पौंड म्हणजे आपले दहा हजारांच्या वर रुपये. वेग फारच जास्त असेल तर प्रकरण कोर्टात जाते. तिथे सहा गुण मिळू शकतात, किंवा बेरजेची वाट न पाहता थेट बंदीही होऊ शकते.

तुम्ही म्हणाल, वेग फार असेल तेव्हाच धरत असतील. तर ऐका. २०२२ साली इंग्लंडच्या चर्चचे तेव्हाचे मुख्य धर्मगुरू, जस्टिन वेल्बी, लंडनमध्ये कॅमेऱ्यात सापडले. वेग होता ताशी २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर. त्या रस्त्याची मर्यादा होती २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर. एवढ्याच फरकाने त्यांना तीन गुण मिळाले, आणि दंड व खर्च मिळून ५१० पौंड भरावे लागले. कॅमेऱ्याला माणसाचा मान कळत नाही. त्याला फक्त वेग कळतो.

बेरीज कशी होते?

समजा, एक ड्रायव्हर आहे. तो दुकानांचा माल घरोघर पोचवतो. गाडी हीच त्याची रोजी. मालक म्हणतो, लवकर ये. गिऱ्हाईक म्हणते, उशीर का? मग तो गाडी थोडी जोरात हाकतो. पहिल्यांदा सापडला तेव्हा वर्गाला बसला. तिथून घरी आला आणि चार महिन्यांत सगळे विसरला.

मग मार्च २०२२ मध्ये तीन गुण चढले. जानेवारी २०२३ मध्ये आणखी तीन. जून २०२४ मध्ये आणखी तीन. झाले नऊ. तरी त्याला वाटले, अजून बारा कुठे झालेत? आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा कॅमेऱ्याने टिपला. तीन आणि नऊ, बारा.

या चारांपैकी एकही गुन्हा मोठा नव्हता. कोणी जखमी झाले नाही. कोणाच्या गाडीला ओरखडा गेला नाही. पण कायदा म्हणतो, तीन वर्षांच्या आत बारा गुण झाले की कमीत कमी सहा महिने बंदी.

इथे तीन वर्षे कशी मोजतात, ते लक्षात घ्या. गुन्हा ज्या दिवशी घडला त्या दिवसापासून मोजतात. कोर्टात निकाल लागला तो दिवस धरत नाहीत. म्हणून काही जण तारखा लांबवत बसतात, त्यांना वाटते जुने गुण गळून पडतील. पण त्याचा उपयोग होत नाही. आपल्या ड्रायव्हरचा शेवटचा गुन्हा दोन महिने उशिरा, म्हणजे एप्रिल २०२५ मध्ये घडला असता, तर मार्च २०२२ चे गुण बेरजेत आले नसते. कागदावर मात्र वेगाचे गुण चार वर्षे दिसत राहतात. विमा कंपनीही ते पाहते आणि विम्याचा हप्ता वाढवते.

एकदा बंदी झाली, आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा बारा गुण झाले, तर बंदी कमीत कमी एक वर्षाची. त्याच काळात आधीच्या दोन बंद्या झालेल्या असतील तर दोन वर्षांची.

वेगाची एवढी धास्ती का?

काही जण म्हणतात, कोणाला लागलेच नाही तर शिक्षा कशाची? याचे उत्तर हिशेबात आहे.

माणसाला समोर पोर दिसले, की लगेच गाडी थांबत नाही. आधी डोळ्यांनी पाहायचे, मग डोक्याने समजायचे, मग पायाने ब्रेक दाबायचा. तेवढ्यात गाडी पुढे जातेच. ब्रेक लागल्यावरही ती घसटत काही अंतर जाते. ब्रिटनच्या सरकारी वाहतूक पुस्तिकेत ही मापे दिली आहेत.

वेग ताशी २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर असेल, तर समजायला ६ मीटर जातात आणि ब्रेक लागून थांबायला ६ मीटर. एकूण १२ मीटर.

वेग ताशी ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटर असेल, तर एकूण २३ मीटर.

वेग ताशी ४० मैल, म्हणजे ६४ किलोमीटर असेल, तर समजायला १२ मीटर आणि थांबायला २४ मीटर. एकूण ३६ मीटर.

आता नीट पाहा. वीसाचे चाळीस केले, म्हणजे वेग दुप्पट झाला. पण ब्रेक लागल्यावर थांबायचे अंतर दुप्पट झाले नाही. सहाचे चोवीस झाले, म्हणजे चौपट! वेग वाढतो त्यापेक्षा गाडीतला जोर फार झपाट्याने वाढतो. हा कोणत्या सरकारने केलेला नियम नव्हे. हा निसर्गाचा नियम आहे. तो विलायतेत लागू आहे, तसाच आपल्या गावाच्या फाट्यावरही लागू आहे. ही मापेसुद्धा कोरड्या, चांगल्या रस्त्याची. पावसात ओल्या रस्त्यावर अंतर आणखी वाढते.

म्हणजे त्या ड्रायव्हरच्या चार वेळांमध्ये कोणाला लागले नाही, ते त्याच्या हुशारीमुळे नव्हे. त्या वेळी समोर पोर आले नाही, एवढेच. कायदा पोर येण्याची वाट पाहत नाही. तो आधीच चार वेळा हाक मारतो.

कोर्टात काय होते?

बारा गुण होणार असे दिसले की ड्रायव्हरला कोर्टात जावे लागते. इंग्लंडात याला मॅजिस्ट्रेटचे कोर्ट म्हणतात. तिथे बहुधा दोन किंवा तीन मॅजिस्ट्रेट बसतात. ते पगारी न्यायाधीश नसतात. आपल्याकडच्या पंचांसारखी गावातलीच माणसे असतात. त्यांना कायदा सांगायला एक जाणकार जवळ असतो.

तिथे ड्रायव्हरला एक शेवटची विनंती करता येते. बंदी झाली तर फार मोठी, नेहमीपेक्षा वेगळी हालअपेष्टा होईल, असे त्याने दाखवून द्यावे लागते. तेवढे पटले तर कोर्ट बंदी कमी करते किंवा माफ करते.

पण नुसती अडचण पुरत नाही. "साहेब, बसने जायला दोन तास लागतात," हे चालत नाही. बंदी म्हटली की अडचण व्हायचीच. त्यासाठीच ती असते. "माझी नोकरी जाईल," एवढेसुद्धा प्रत्येक वेळी पुरत नाही. कोर्ट विचारते, तुझ्या चुकीपायी दुसऱ्या कोणाचे हाल होतील? घरात अंथरुणाला खिळलेली आई आहे आणि तिला दवाखान्यात नेणारा तूच एकटा आहेस काय? तुझ्या गाडीवर आणखी चार माणसांची रोजी अवलंबून आहे काय? आणि दुसरी काही सोय होणारच नाही काय? हे सगळे शपथेवर सांगावे लागते. कागद दाखवावे लागतात: दवाखान्याचे, मालकाचे, बँकेचे. खोटे सांगितले तर ते आणखी अंगाशी येते.

आणि विनंती मान्य झाली तरी गुण पुसले जात नाहीत. तेच कारण तीन वर्षांच्या आत पुन्हा सांगताही येत नाही. आईचे आजारपण एकदा ऐकले जाते. पुन्हा सापडलास, तर दुसरे कारण आण.

गुण दुसऱ्याच्या नावावर

काही जण वेगळी युक्ती काढतात. पत्र आले की लिहून देतात, गाडी मी नव्हे, बायको चालवत होती. तिच्या नावावर गुण कमी आहेत, ती घेईल तीन. घरातली गोष्ट घरात राहील.

ब्रिटनमध्ये क्रिस ह्यून नावाचे एक पुढारी होते. २००३ साली त्यांची गाडी मोठ्या रस्त्यावर कॅमेऱ्यात सापडली. बंदी टाळावी म्हणून त्यांचे गुण पत्नीने आपल्या नावावर घेतले. पण त्याच वर्षी गाडी चालवताना मोबाईलवर बोलताना ते सापडले, आणि परवाना गेला तो गेलाच. पुढे २०१० साली ते मंत्री झाले. मग नवरा-बायकोचे फाटले आणि जुनी गोष्ट उजेडात आली. २०१२ साली मंत्रिपद सोडावे लागले. २०१३ साली दोघांनाही आठ-आठ महिन्यांची तुरुंगाची शिक्षा झाली.

पाहा, वेगाबद्दल तुरुंग नव्हता. फार तर काही महिने बसने जावे लागले असते. तुरुंग झाला तो खोट्या लिहिण्याबद्दल. न्यायाच्या कामात खोटे घालणे हा तिकडे फार मोठा गुन्हा मानतात.

बंदीचे दिवस

बंदी कोर्टाने सांगितल्या क्षणापासून सुरू होते. गाडी घेऊन कोर्टात आलेला माणूस ती घेऊन घरी जाऊ शकत नाही. चावी दुसऱ्याकडे द्यावी लागते. बंदी फक्त मोटारीची नसते. मोटारसायकलही चालवता येत नाही. पायाने चालवायची सायकल मात्र चालते.

या दिवसांत मोह होतो. रात्र आहे, रस्ता मोकळा आहे, कोण पाहतो? पण बंदीत गाडी चालवली तर इंग्लंडात सहा महिन्यांपर्यंत तुरुंग होऊ शकतो. पोलिस गाडी जप्त करतात. विमाही त्या वेळी लागू राहत नाही.

बंदी ५६ दिवस किंवा त्याहून जास्त असेल तर ती संपल्यावर नवा परवाना मागावा लागतो. तो मागितल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही. बारा गुणांमुळे बंदी भोगून झाली की ते जुने गुण पुन्हा बेरजेत धरत नाहीत. खाते कोरे होते. सुधारायला कायदा एवढी जागा ठेवतो.

नव्या ड्रायव्हरला सहाच

आपल्या मुलांनी ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. इथल्या परवान्यावर ब्रिटनमध्ये राहायला गेल्यापासून एक वर्ष गाडी चालवता येते. पुढे तिथली परीक्षा देऊन तिथला परवाना काढावा लागतो.

आणि परीक्षा पास झाल्यावरची पहिली दोन वर्षे कडक असतात. त्या काळात बारा नव्हे, सहा गुण झाले की परवाना रद्द. कोर्टात विनवणी नाही. पुन्हा शिकाऊ परवाना काढायचा, पुन्हा लेखी परीक्षा, पुन्हा गाडी चालवून दाखवायची. एखाद्याने आपल्याकडे वीस वर्षे गाडी चालवली असेल. तरी तिथे तो नवाच. वेगाची दोन पत्रे आली, किंवा एकदा मोबाईल हातात सापडला, की संपले.

आपल्याकडे काय?

आपला कायदा थोड्या वेगळ्या वाटेने जातो. पण शेवटी त्याच ठिकाणी पोचतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तिच्यात वेगाची मर्यादा मोडल्याबद्दल हलक्या मोटारीला १,००० ते २,००० रुपये दंड सांगितला आहे. ट्रक, बस अशा मोठ्या गाडीला २,००० ते ४,००० रुपये. आणि तोच गुन्हा पुन्हा केला तर परवाना ताब्यात घ्यायची तरतूद आहे.

त्याआधी २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने सर्व राज्यांना कळवले होते, की मर्यादेबाहेर वेग, लाल दिवा तोडणे, मालगाडीत माणसे भरणे, जादा माल भरणे, दारू पिऊन किंवा मोबाईलवर बोलत गाडी चालवणे, यांत परवाना कमीत कमी तीन महिने बंद ठेवावा. परवाना असा बंद असताना जो गाडी चालवील, त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. अशा माणसाच्या हाती गाडी देणारा मालकही सुटत नाही.

ई-चलान आता मोबाईलवर येते. पुष्कळ जण संदेश वाचतच नाहीत. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. आलेला संदेश वाचा. तारीख, जागा, गाडीचा नंबर आणि वेग तपासा. चलान चुकीचे वाटले तर तक्रार करा. बरोबर असेल तर वेळेत भरा, आणि कोणत्या रस्त्यावर सापडलो ते लिहून ठेवा. एकाच जागी दोनदा सापडलात, तर तिथे तुमचा पाय सैल सुटतो आहे असे समजा.

मुलगा टेम्पो चालवत असेल तर त्याला रात्री जेवताना विचारा, या वर्षात किती चलाने आली? पहिले आले असेल तेव्हाच विचारा. त्या विलायतेतल्या ड्रायव्हरला पहिल्या वर्गानंतर सुधारायला तीन वर्षे मिळाली होती. बाराव्या गुणाच्या दिवशी त्याच्या हाती विनवणीशिवाय काही उरले नव्हते. आणि मालकाला "जरा उशीर होईल" हे तो पहिल्याच दिवशी सांगू शकला असता.